सड्यावरचं मैदान आणि दर जूनला बदलणारा संघ

कॉलेजच्या संघाचं एक दुखणं क्लबच्या प्रशिक्षकाला नसतं. मुलगा सतरा-अठराव्या वर्षी येतो, पहिलं वर्ष बुजण्यात जातं, दुसऱ्या वर्षी त्याला खेळ कळायला लागतो, तिसऱ्या वर्षी तो संघाचा कणा होतो आणि पदवी घेऊन निघून जातो. जून उजाडला की आपण पुन्हा पहिल्यापासून. विकत घ्यायला खेळाडू नाही, थांबवून ठेवायला करार नाही. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून मी २०१३ मध्ये रुजू झालो. तेव्हा आमचा फुटबॉल संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत परतायचा. पुढे त्याने विजेतेपद मिळवलं. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की विजेतेपद मिळवून देणारी मुलं निघून गेल्यावरही संघ पुन्हा जुन्या जागी घसरला नाही. नव्याने रुजू झालेले सहकारी फोन करून विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गोवा म्हणजे फुटबॉल असं बाहेरचे लोक समजतात. साष्टी, बार्देश, तिसवाडी या तालुक्यांत ते अक्षरशः खरं आहे. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी शिवोलीत हा खेळ आणला असं सांगतात, आणि तिथून तो चर्चच्या समोरच्या मैदानांवर वाढला. साष्टीतला मुलगा चालायला लागतो तेव्हापासून त्याच्या समोर कोणीतरी फुटबॉल खेळत असतं. आमच्या डिचोली-सत्तरीत देवळापुढच्या पटांगणात व्हॉलीबॉलची जाळी असते, नाहीतर टेनिस बॉलचं क्रिकेट. फुटबॉल होता, पण भाताची कापणी झाल्यावर मोकळ्या शेतात. ब्रह्मानंद शंखवाळकर, महेश गवळी, समीर नाईक ही भारताकडून खेळलेल्या गोव्याच्या फुटबॉलपटूंची नावं आमच्या मुलांना तोंडपाठ होती. मात्र ती माणसं जिथे घडली त्या वातावरणाचा वारा आमच्याकडे पोचला नव्हता. आमचा संघ मडगावच्या एखाद्या कॉलेजसमोर उभा राहिला की खेळ सुरू व्हायच्या आधीच मुलांचे खांदे पडलेले असायचे.

त्यात वेळ कठीण होती. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यात लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या होत्या. आमच्या भागात ज्या घराचा खाणीशी संबंध नाही असं घर शोधावं लागतं. कोणाचा बाप ट्रकमालक, कोणाचा ड्रायव्हर, कोणाचा गॅरेजवाला. दारात ताडपत्री टाकून ट्रक उभे होते आणि बँकेचे हप्ते चालूच होते. अशा घरातला मुलगा संध्याकाळी दोन तास खेळायला थांबला, तर तेवढ्या वेळाची एखादी छोटी नोकरी त्याच्या हातून जायची. हे मला पहिल्या काही आठवड्यांतच समजलं आणि पुढची सगळी आखणी त्यावरून झाली.

सुरुवात मैदानापासून केली. कॉलेज सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. खाली अखंड जांभा, वर बोटभर माती. पावसात एका कोपऱ्यात तळं साचायचं आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की खडी दात विचकून वर यायची. एकदा घसरलं की गुडघ्याची सालं निघत. अशा मैदानावर मुलगा घसरून चेंडू काढायला शिकत नाही, तो पडायलाच घाबरतो. पुढे क्लबमध्ये गेला तरी ती भीती त्याच्या अंगातून जात नाही. आम्ही सगळे मिळून ओळीने बसून खडे वेचले. मग एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी, ज्यांची जेसीबी खाण बंद झाल्यापासून अंगणात उभी होती, ती आणून मैदानाच्या वरच्या अंगाला चर खणून दिला. पाण्याला वाट मिळाली. पंचायतीने रोलर दिला. माती एका कुळागरातून, म्हणजे सुपारीच्या बागेतून आली.

गवताचा प्रश्न राहिला. महागड्या गवताच्या गोष्टी करणारे पुष्कळ भेटले. पण मोठमोठ्या मैदानांवर जे बर्म्युडा गवत म्हणतात, ती आपली हरळीच, गणपतीला वाहतो ती दूर्वा. बांधाबांधांवरून तिच्या मुळ्या उपटून आणल्या, हातभर अंतरावर खोचल्या, आणि जून-जुलैच्या पावसाने बाकीचं काम केलं. गोव्याचा पाऊस मैदानाचा शत्रू आहे असं सगळे म्हणतात. चर नीट असेल तर त्याच्याएवढा माळी नाही. गोलपोस्टला जाळी नव्हती, ती चापोऱ्याच्या एका रापणकाराने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, जुन्यातली दिली. चेंडू जाळीत अडकून थांबतो तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते नुसत्या लोखंडी खांबांमधून चेंडू झाडीत गेल्यावर उमटत नाही. हे बारीकसारीक वाटेल, पण वाटतं तेवढं बारीक नाही.

सरावाची वेळ बदलली. संध्याकाळी ठेवला तर केरी, पर्ये, लाटंबार्सेकडच्या मुलांची शेवटची कदंबा, म्हणजे सरकारी बस चुकायची. म्हणून सकाळी साडेसहा. पण साडेसहाला मैदानावर पोचायचं तर मुलगा घरून काही न खाता निघतो. सरावानंतर पहिल्या तासाला तो बाकावर डोकं टेकून झोपतो आणि प्राध्यापकांच्या मनात फुटबॉलविषयी जे मत व्हायचं ते होतं. मी कॅन्टीनवाल्या काकींशी बोललो. त्या म्हणाल्या, "सर, मी पाचला उठतेच. मुलांचं काय ते सांगा." नाचणीची आंबील, दोन अंडी, केळी, कधी मुगाची उसळ आणि पाव. पैसे पालक-शिक्षक संघातून थोडे, माजी विद्यार्थ्यांकडून थोडे. माझ्या मते आमच्या यशातला सगळ्यांत मोठा एकच खर्च कोणता असेल तर तो हा. बूट, किट, ट्रॅकसूट सगळं त्यानंतर. तीन महिन्यांत मुलांच्या धावण्यात फरक दिसला. ९० मिनिटांच्या सामन्यात सत्तराव्या मिनिटाला आमचे पाय जड व्हायचे, ते थांबलं.

निवड चाचणीचीही पद्धत मोडून टाकली. एका दिवसात शंभर मुलं पळवून वीस निवडायची, हा प्रकार सोयीचा आहे, पण त्यात उंच, दांडगा आणि चांगले बूट घातलेला मुलगा निवडला जातो. मी तीन आठवडे दार उघडं ठेवतो. पाच-पाचच्या छोट्या संघांत खेळवतो आणि एकच गोष्ट बारकाईने बघतो, की पायातला चेंडू गेल्यावर मुलगा काय करतो. हात कमरेवर ठेवून उभा राहतो, की वळून धावतो? चेंडू थांबवायला मी शिकवू शकतो. वळून धावणं घरून आणावं लागतं, नाहीतर शेजारच्याचं बघून लागावं लागतं.

या उघड्या दारातूनच आमचा गोलकीपर आला. २०१६ मध्ये केरीकडचा एक मुलगा प्रथम वर्षाला होता. गावच्या व्हॉलीबॉल संघात नेटवर खेळायचा, फुटबॉल जवळजवळ नाहीच. मित्राबरोबर नुसता बघायला आला होता. चेंडू बाहेर आला तो त्याने उडी मारून असा घेतला की मी शिट्टी थांबवली. उडीची वेळ व्हॉलीबॉलने पक्की करून दिलेली होती. अडचण हातांची. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू हातात धरायचाच नसतो, तो ढकलायचा असतो, आणि हा मुलगा प्रत्येक चेंडू पुढे ढकलून समोरच्याच्या पायात द्यायचा. मग रोज सरावाच्या आधी वीस मिनिटं आम्ही दोघंच. दोन्ही अंगठे एकमेकांजवळ, बोटं पसरलेली, कोपर किंचित वाकलेले, चेंडू तळव्यावर नाही तर बोटांच्या पेरांवर घ्यायचा आणि लगेच छातीशी ओढायचा. कोरडा चेंडू जमला की बादलीत बुडवलेला. तो जमला की मी मुद्दाम चिखलात लोळवून फेकायचो. आवाजावरून कळतं. चेंडू नीट पकडला गेला की 'धप्' असा एकच बंद आवाज येतो, निसटणार असेल तर 'टप्प' असा मोकळा. पुढे पुढे तो मुलगा डोळे न उघडता सांगायचा, "सर, हा बरोबर नाही बसला." संध्याकाळी घरी मी त्याला शंखवाळकरांविषयी सांगायचो. १९८४ मध्ये गोव्याने त्यांच्या कप्तानपदाखाली संतोष करंडक, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली तो काळ, एक गोलरक्षक संपूर्ण संघाला कसा धीर देतो ते.

खेळाच्या शिकवण्याविषयी थोडं. आमची मुलं चेंडू मिळाला की उंच मारायची, आणि त्याबद्दल त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. चिखलाच्या शेतात चेंडू पायाने नेता येतच नाही, उंच मारणं हेच तिथलं शहाणपण. पण गवतावर ते चालत नाही. पहिलं संपूर्ण वर्ष मी डावपेचांच्या फळ्यावर काही लिहिलं नाही. पाच जण कडेने, दोघं मध्ये, कडेच्यांनी चेंडू फिरवायचा आणि मधल्यांनी हिसकावायचा, एवढंच. त्यात दोन सवयी पक्क्या करून घेतल्या. चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे बघायचं, आणि अंग अर्धं वळवून चेंडू घ्यायचा म्हणजे पुढचं मैदान डोळ्यांसमोर राहतं. मी मराठी बोलतो, मुलंही घरात-वर्गात मराठी-कोकणी दोन्ही बोलतात, पण मैदानावर हाका कोकणीतूनच येतात. "फाटल्यान मनीस!" (मागे माणूस आहे!) ही हाक ज्या दिवशी मी न सांगता तीन-चार गळ्यांतून एकदम आली, त्या दिवशी मला वाटलं की आता संघ होतो आहे. बोलका संघ अर्धं धावणं वाचवतो.

एक गोष्ट मी हट्टाने करवून घेतो, ती म्हणजे फिफाचं '११ प्लस' वॉर्मअप. तीन भाग, पंधरा व्यायाम, सुमारे वीस मिनिटं. आधी आठ मिनिटं सावकाश धावणं, मग दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगात धावणं. माझा एक उत्तम स्ट्रायकर गावच्या स्पर्धेत गुडघ्याचा लिगामेंट तुटून बसला होता आणि वर्षभर त्याच्या घरी जाऊन त्याची समजूत काढताना मी ठरवलं की दुसऱ्या कोणाचं असं होऊ द्यायचं नाही. त्यातला एक व्यायाम मुलांना अजिबात आवडत नाही. गुडघ्यांवर उभं राहायचं, मागे जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे, आणि कंबर न वाकवता अंग लाकडाच्या ओंडक्यासारखं पुढे पुढे झुकवत न्यायचं, जितकं सावकाश जमेल तितकं, शेवटी हातांवर पडायचं. मांडीच्या मागचा स्नायू पेटतो. नवीन मुलं दुसऱ्या दिवशी जिना उतरू शकत नाहीत. पण धावता धावता मांडी धरून बसणारी मुलं त्यानंतर झपाट्याने कमी झाली, आणि तेव्हापासून तिसऱ्या वर्षाची मुलंच नव्यांना टाळाटाळ करू देत नाहीत.

गावच्या क्लबांशी बोलणं हा सगळ्यांत नाजूक भाग होता. पावसाळा सरला की गावोगावी रोख बक्षिसांच्या स्पर्धा लागतात. प्रकाशझोतात सामने होतात, आणि चांगल्या मुलाला एका सामन्याचे पैसे मिळतात. शुक्रवारी रात्री तो तिथे ९० मिनिटं खेळतो आणि शनिवारी सकाळी आमच्याकडे लंगडत येतो. काही सहकाऱ्यांचं म्हणणं होतं, नोटीस काढा, बाहेर खेळला तर संघातून नाव कमी. मला ते पटलं नाही. ज्या घरात ट्रक उभा आहे त्या घरातल्या मुलाला ते पैसे नकोत असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? मी गावागावांत जाऊन मंडळाच्या लोकांना भेटलो, होंडा, कुडणे, मये. देवळाच्या पायरीवर बसून बोलणी झाली. आमच्या सामन्याच्या आधीचे दोन दिवस त्यांनी मुलाला खेळवायचं नाही, आणि त्यांच्या अंतिम सामन्याला मी त्याला अडवायचं नाही. तोंडी करार. एका मंडळाने तो पाळला नाही, आणि त्यापायी आमचा एक उपांत्य सामना गेला, बाकीच्यांनी पाळला. चतुर्थीचंही तसंच. आंतरमहाविद्यालयीन सामने तोंडावर असताना चतुर्थी येते, मुलं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घुमट आरतीला, म्हणजे घुमट हे मातीचं वाद्य वाजवत आरती म्हणायला, घरोघर फिरतात. त्या दिवसांत सराव ठेवून हजेरी घेण्यापेक्षा मी त्याआधीच्या आठवड्यांत भार वाढवतो आणि चतुर्थीत विश्रांती देतो. शरीराला ती हवीच असते.

२०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेतून माघार घेतली तेव्हा आमच्या मुलांमध्ये एक उदासी पसरली होती. पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला धेंपोचा संघ, प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंनी घडवलेला, तो राष्ट्रीय पातळीवर दिसणार नाही म्हटल्यावर एका मुलाने मला सरळ विचारलं, "सर, मग आता आम्ही कशासाठी खेळायचं?" त्याला मी जे सांगितलं ते आजही सांगतो. विद्यापीठाच्या संघात जा. पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत महाराष्ट्र, गुजरात, राजस्थानचे संघ बघ. पंचविशीच्या आतच ही संधी आहे, नंतर नाही. आणि खेळाच्या जोरावर पोलिसांत, बँकेत, शाळेत शिक्षक म्हणून उभं राहिलेल्या माणसांची यादी काढ. मी त्या यादीची वही खरंच करून घेतली.

दुसऱ्या वर्षी आम्ही मडगावजवळच्या फातोर्ड्याच्या स्टेडियमवर गेलो. १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात होता, ऑक्टोबर २०१७, इराण विरुद्ध जर्मनी. जर्मनी म्हटल्यावर मुलं जर्मनीच्या बाजूने. इराणने ४-० ने सामना मारला. परतीच्या बसमध्ये मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, की इराणकडे चेंडू नसताना त्यांची मुलं कुठे होती? म्हापसा येईपर्यंत वाद चालू होता. चेंडू जर्मनीकडे जास्त असूनही मोकळी जागा इराणकडे होती, हे त्यांचं त्यांनीच शोधलं. तो आमचा डावपेचांचा पहिला खरा वर्ग. त्यानंतर आम्ही दोन ओळींमधलं अंतर कमी ठेवून, चेंडू हिसकावला की तीन पासांत पुढे जायचं, असा खेळ बसवला. आमच्या मुलांच्या स्वभावाला तो मानवला.

अभ्यासाची बाजू थोडक्यात सांगतो. गोवा विद्यापीठाच्या आयएसए, म्हणजे सत्र चालू असताना होणाऱ्या परीक्षा सामन्यांच्या काळातच येतात, आणि ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. सुरुवातीला काही विभागांशी मला झगडावं लागलं. मग मीच सवलत मागणं बंद केलं आणि उलट बाजूने गेलो. दर महिन्याला प्रत्येक खेळाडूची हजेरी आणि गुण मी स्वतः विभागप्रमुखांकडून घेऊन कप्तानाकडे देतो. ज्याचे कमी, त्याने सराव संपल्यावर ग्रंथालयात बसायचं, त्याच्याबरोबर संघातला एक वरच्या वर्गाचा मुलगा. अर्थशास्त्राच्या बाई पुढे आपणहून सकाळी आठला येऊ लागल्या. आता नवीन प्राध्यापक रुजू झाले की तेच विचारतात, फुटबॉलवाली मुलं कोणती.

२०१८ च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या. त्याच पावसाळ्यात आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर साष्टीतलं कॉलेज, ज्यांच्याकडून आम्ही पूर्वी पाच-सहा गोल खाल्ले होते. दुसऱ्या डावात पाऊस असा कोसळला की पलीकडचा गोलपोस्ट दिसेना. एका कॉर्नरवर आमच्या सेंटर बॅकने डोकं लावलं, १-०. शेवटची दहा मिनिटं सगळा खेळ आमच्या गोलसमोर. अंगावर चार माणसं, चेंडू साबणासारखा, आणि केरीचा तो मुलगा गर्दीतून वर उठला. मी उभा होतो तिथवर पावसातूनही तो बंद आवाज ऐकू आला. चेंडू छातीशी. त्याने तो पोटाखाली घेऊन अंग टाकलं, आणि तिथेच मला कळलं की आम्ही जिंकलो. त्या वर्षी आमची मुलं विद्यापीठाच्या शिबिराला गेली, थिवी स्टेशनावर रेल्वेत बसली, आणि पहिल्यांदाच गोव्याबाहेर खेळली.

पण जिंकण्यापेक्षा अवघड परीक्षा नंतर आली. आमच्याकडे एक रीत पडली होती. तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक मुलाकडे प्रथम वर्षाचा एक मुलगा सोपवलेला. त्याचे बूट, त्याची बस, त्याची आंबील, त्याचं मागे वळून बघणं, सगळं त्या मोठ्याची जबाबदारी. माझ्या शिकवण्यापेक्षा जास्त शिकवणं या जोड्यांमधून व्हायचं, कारण मी दिवसाचे दोन तास असतो आणि ते एकमेकांबरोबर दिवसभर. २०२० मध्ये कोविडने कॉलेज बंद झालं. वर्ग मोबाइलवर गेले, मैदानावर गवत गुडघ्याएवढं झालं. नियमित वर्ग पुन्हा सुरू झाले तेव्हा तिसऱ्या वर्षाची मुलं जेमतेम एक हंगाम खेळलेली होती आणि खालच्या दोन्ही वर्गांनी कॉलेजचा सामना पाहिलासुद्धा नव्हता. शिकवायला मोठंच कोणी उरलं नव्हतं. हाक कशी द्यायची, घोटे कसे धरायचे, चतुर्थीच्या आधी भार का वाढतो, हे ज्यांना ठाऊक ते सगळे पदवीधर होऊन निघून गेलेले.

मी जुन्या मुलांना फोन केले. एक पोलिसांत होता, एक पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जायचा, एकाचं डिचोली बाजारात मोबाइलचं दुकान. गोलकीपर एका शाळेत शारीरिक शिक्षणाच्या तात्पुरत्या नोकरीवर होता. मी त्यांच्याकडे हंगामभर आठवड्यातून दोन सकाळी मागितल्या. पिसुर्ल्याचा मुलगा रात्रपाळी करून थेट मैदानावर यायचा, अंगावर कंपनीचा निळा शर्ट तसाच. प्रत्येकाने दोन-तीन नवी मुलं वाटून घेतली. मी बाजूला उभा राहून बघत होतो. मी कधीकाळी ज्या शब्दांत सांगितलं होतं त्याच शब्दांत, कधी माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत, ते सांगत होते. "चेंडू यायच्या आधी बघ, आल्यावर बघून काय उपयोग?" हे वाक्य माझं नाही, त्या मोबाइलच्या दुकानवाल्याचं आहे. मी आता तेच वापरतो. त्या हंगामात आम्ही काही जिंकलो नाही, पण उपांत्य फेरीपर्यंत गेलो, आणि पुढच्या जूनमध्ये मोठ्यांच्या जोड्या पुन्हा लागल्या.

मुलींचा संघ हे अलीकडचं काम. खो-खो, कबड्डीच्या मुली फुटबॉलला येतील का, या शंकेने घेरलेल्या सहकाऱ्यांशी मी बरीच वर्षं वाद घातला. ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने फातोर्ड्याला झाले. आम्ही मुलींना घेऊन गेलो. कोलंबियाने नायजेरियाला पेनल्टींवर हरवलं तेव्हा आमच्या कबड्डीच्या कप्तानाने माझ्याकडे वळून म्हटलं, "सर, ह्या आमच्याच वयाच्या ना?" दुसऱ्या आठवड्यात बारा मुली सरावाला आल्या. एका आईने येऊन अट घातली, "सर, काळोख पडायच्या आत मुलगी घरी हवी. बाकी तुमच्यावर सोडलं." सकाळचा सराव इथेही कामी आला. कबड्डीवाल्या मुलींचे पाय विलक्षण चपळ असतात आणि अंगाला अंग लागलं तर त्या बिचकत नाहीत, त्यामुळे बचावात त्या फार लवकर तयार झाल्या. चेंडू पायावर घेणं अजून मागे आहे. त्यांच्या गोलकीपरला केरीचा मुलगा शिकवतो, बादली तीच.

सध्या अडचण जागेची आहे. एकच मैदान, त्यावर मुलगे, मुली, आणि दुपारी क्रिकेट. हरळीला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही, गोलसमोर पुन्हा खडी डोकावू लागली आहे. व्यवस्थापनासमोर दोन प्रस्ताव होते, एक कृत्रिम गवताचं छोटं टर्फ, दुसरा ग्रंथालयाच्या खालच्या पडीक तुकड्यावर दुसरं मैदान. मी दुसऱ्याच्या बाजूने बोललो. टर्फवर पाच-पाचचा खेळ छान होतो, पण उन्हात ते तापतं, आणि पूर्ण लांबीच्या मैदानावर धावायची सवय त्यातून लागत नाही. तुकडा मंजूर झाला आहे. चर खणायचं काम याच उन्हाळ्यात होईल, मुळ्या आमच्याच मैदानावरून जातील. मुलींची निवड जुलैमध्ये आहे. आसपासच्या उच्च माध्यमिक शाळांना पत्रं पाठवली आहेत, आणि फुटबॉलला कधी पायही लावला नसेल तरी या, असं त्यात मी मुद्दाम लिहिलं आहे.